तंटामुक्त समितीत जाऊ का? आणि केबल चोरणाऱ्या पोरांचं काय करायचं?

रिटायर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेतून ३ वर्षांपूर्वी रिटायर झालोय, गाव सोलापूर जिल्ह्यात, नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. ग्रामसभेत मला न विचारताच तंटामुक्त समितीचा अध्यक्ष म्हणून माझं नाव पुकारलं, टाळ्या पण वाजल्या, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. बायको म्हणते आयुष्यभर पोरांची भांडणं सोडवली आता बापांची सोडवा, रिकामं बसून तरी काय करताय.

अडचण अशी की पहिलंच प्रकरण नको तसलं आलंय. गावातल्या तीन पोरांनी (१५ ते १७ वयाची, तिघंही माझ्या हाताखाली शिकलेली) एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल कापली, दीडशे फूट असेल, ओढ्यात नेऊन जाळली आणि आतलं तांबं भंगारवाल्याला ११०० रुपयाला दिलं. तिघांत वाटून घेतले. शेतकऱ्याला नवीन केबल नि जोडणी मिळून साडेचार हजार पडले, पण खरं नुकसान ते नव्हेच, त्या आठवड्यात पाणी न मिळाल्यानं कांद्याचं उळं, म्हणजे लागणीची रोपं, वाळून गेलं. मी जाऊन बघून आलो, वाफ्यात नुसत्या पिवळ्या काड्या.

आता शेतकरी म्हणतो केस करणार. सरपंच म्हणतात केस नको, गावाचं नाव जातं, तुम्ही बसवून मिटवा. चार टाळकी म्हणतात पोरांना चावडीवर उभं करून सगळ्यांसमोर नाक घासायला लावा. आणि एक गोष्ट मला जास्त खुपतीय. तिघांपैकी दोघं गावठाणातली, एक वस्तीवरचा, पण गावात चर्चा ऐकाल तर चोरी जणू त्या एकट्यानंच केली.

समितीचं काम कुणी केलंय का? जाऊ का यात? गेलो तर नक्की करायचं काय, तडजोड म्हणजे पैसे देऊन सही घ्यायची एवढंच असतं का?

बांधकरी

गुरुजी मी आबांच्या जिल्ह्यातला. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा, गृहमंत्री, आम्ही तर पेटलोच होतो, पहिल्याच वर्षी मी समितीत, तेव्हा वय ३१. ग्रामस्वच्छता अभियानात गावं कशी झाडून निघाली ते बघितलेलं, वाटलं आता भांडणंपण झाडून टाकू.

खरं सांगतो, राग मानू नका कुणी. कल्पना चांगली होती पण बक्षीस लागलं आणि घोळ झाला. जितके तंटे मिटवाल तितके गुण, मग आमच्या रजिस्टरला असे असे तंटे चढले की ज्या दोन भावांनी आयुष्यात कधी एकमेकाला अरे केलं नाही त्यांचा बांधाचा वाद मिटवला म्हणून नोंद. वेशीवर कमान लागली, तंटामुक्त गाव. कमानीखालीच पुढच्या वर्षी कुऱ्हाडी निघाल्या 😀

पण एक प्रकरण अजून आठवतं. चुलत्या-पुतण्याचा बांध, ११ वर्षं कोर्टात. आम्ही दोनदा बैठक घेतली, दोन्ही वेळा आरडाओरडा. मग आमच्यातले एक म्हातारे सदस्य होते, शाळा न शिकलेले, ते म्हणाले बैठक बंद करा. ते एकटेच रोज संध्याकाळी एकदा चुलत्याकडे, एकदा पुतण्याकडे जाऊन बसायचे, चहा प्यायचे, बांधाचं नाव काढायचे नाहीत. पंधरावीस दिवसांनी कळलं की बांध हे निमित्त, पुतण्याच्या बापाच्या मयताला चुलता आला नव्हता, ते पोटात होतं. चुलता का आला नव्हता? तर त्याला निरोपच मिळाला नव्हता. मोजणी नंतर झाली, दीड हात जमीन निघाली, ती पुतण्यानं सोडून दिली.

तर गुरुजी जा समितीत. पण बैठक शेवटी घ्या, आधी घरोघरी चहा प्या. शुगर असेल तर बिनसाखरेचा.

कडक_चहा

हे सगळं ठीक आहे हो पण चोराला फटके द्यायचे सोडून चहा काय पाजताय. आमच्याकडे दोन वर्षांत माझ्या तीन केबली गेल्या, एक स्टार्टर गेला. त्या पोरांना एकदा पोलिसी हिसका बसला की पुन्हा विहिरीकडे बघणार नाहीत. हे संवाद बिंवाद शहरातल्या लोकांचे चोचले.

लेस्टरची_मावशी

कडक_चहा दादा, तुमचा राग रास्त आहे, तीन केबली गेल्यावर मीपण हेच म्हणाले असते. पण हे शहरी चोचल्यातून आलेलं नाही. १९७४ साली कॅनडात ओंटारिओमधल्या एल्मिरा नावाच्या छोट्या गावात दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली, गाड्यांची टायरं फाडली, काचा फोडल्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं जज्जला सुचवलं की यांना त्या त्या घरी नेऊन समोर उभं करू, आणि जज्जनी चक्क मानलं. पोरं दारोदार गेली, नुकसान किती ते ऐकलं, नंतर भरपाई दिली. आज जगभर ज्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात त्यातली ही एक सुरुवात, खेडेगावातलीच.

मास्तर, मी मूळची साताऱ्याची, २० वर्षं इंग्लंडमध्ये. इथे युथ ऑफेंडर पॅनल असतं त्यावर ६ वर्षं बसते, फुकट काम, फक्त बसभाडं मिळतं. १९९९ च्या कायद्यानं हे आलं. १० ते १७ वयाच्या मुलानं पहिल्यांदाच कोर्टात गुन्हा कबूल केला की बऱ्याचदा ३ ते १२ महिन्यांची रेफरल ऑर्डर होते, मग मुलगा आणि त्याचे आईवडील आमच्यासमोर येतात. आमच्यासारखे दोन साधे नागरिक आणि एक युथ जस्टिसवाला. ज्याचं नुकसान झालं त्यालापण बोलावतात, यायचं की नाही ते त्याच्या मनावर. मग सगळ्यांनी मिळून एक करार लिहायचा, मुलगा काय करणार, किती दिवसांत.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला जे घोकून घेतलं ते चारपाच प्रश्नच आहेत. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? आता काय वाटतं? कुणाकुणाला त्रास झाला? तो भरून काढायला काय करावं लागेल? यात "का केलंस" हा प्रश्न नाहीये हे बघा. का विचारलं की पोरगं एकतर गप्प होतं नाहीतर वकिलासारखं बोलायला लागतं. तुम्ही तर मास्तर, तुम्हाला जास्त माहिती, वर्गात का विचारून कधी खरं उत्तर मिळालंय?

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला एक मुलगा आला, पूर्ण वेळ जमिनीकडे बघत, विचारलं की खांदे उडवायचा. मला वाटलं काय उर्मट आहे, मी जरा चढ्या आवाजात बोलले. नंतर सहकाऱ्यानं दाखवलं की तो कराराचा कागद उलटा धरून बसला होता. वाचताच येत नव्हतं त्याला, आणि आम्ही अर्धा तास त्याच्यासमोर जड जड शब्द वापरत होतो. तेव्हापासून मी आधी कागद वाचून दाखवते आणि मग "तुझ्या शब्दांत सांग बरं" म्हणते.

आणि चावडीवर नाक घासायला लावू नका प्लीज. सगळ्यांसमोर अपमान झाला की पोराला केबल आठवत नाही, अपमानच आठवतो.

वऱ्हाडी_ताई

मी अमरावतीकडची, विधी सेवा प्राधिकरणाची पीएलव्ही म्हणून काम करते, म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटिअर. तुम्ही सगळे छान छान बोलून राहिले पण जरा दुसरी बाजू पण ऐका.

एका गावात समितीच्या बैठकीत मी नुसती बघायला गेलती. प्रकरण नवराबायकोचं. अकरा माणसं खुर्च्यांवर, त्यात नवऱ्याचा मामा पण सदस्य. बाई उभी. डोक्यावर पदर, हातात लहान पोरगं. अध्यक्षांनी विचारलं, "काय बाई, नांदायला जाणार ना? संसार मोडायचा नाही ना?" आता सांगा ती काय म्हणणार? मान हलवली तिनं. टाळ्या, फोटो, तंटा मिटला. तीन महिन्यांनी ती माझ्याकडे आली तेव्हा हात फ्रॅक्चर होता. मी विचारलं तेव्हा काहून नाही बोलली? म्हणे, "ताई, मले बसा पण नाही म्हटलं कोणी."

तेव्हापासून मी कुठंही बैठकीला गेली की आधी खुर्च्या मोजते. जिचं नुकसान झालं ती बसलेली पाहिजे, आणि तिच्या बाजूचं कुणीतरी जवळ पाहिजे. आणि गुरुजी तिला "नाही" म्हणायची मोकळीक पाहिजे, खरी मोकळीक, नाही म्हटल्यावर गावात राहणं कठीण होणार नाही अशी. ते नसेल तर ती तडजोड नाही, दडपण आहे, आपण फक्त त्याला गोड नाव दिलं.

घरातली मारहाण असेल तर समितीत घेऊच नका. मुंबईत टिसवाल्यांनी (टाटा समाजविज्ञान संस्था) पोलिसांसोबत १९८४ मध्येच महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो बाकी जिल्ह्यांत पण गेला, तिथं शिकलेल्या समाजसेविका असतात. त्यांच्याकडे पाठवा, नाहीतर १५१०० वर फोन लावून द्या, विधी सेवेचा फुकट नंबर आहे.

तुमच्या केसमध्ये पण विचार करा, केबल कुणाची गेली? शेतकऱ्याची. पण उळं कुणी टाकलं, पाणी कोण धरत होतं? त्याच्या बायकोशी कुणी बोललंय का?

काळा_कोट_पांढरी_बॅंड

मास्तर, फुकटचा सल्ला देतो, ताईंनी बरंचसं माझं काम सोपं केलंय.

पहिलं म्हणजे समितीला शिक्षा करायचा, दंड लावायचा काहीही अधिकार नाही. दोन्ही बाजू राजी असतील तर मदत करायची, बस. साधी मारहाण, शिवीगाळ, नुकसान, छोटी चोरी असल्या गोष्टी कायद्यानं तडजोडीला योग्य आहेत, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, कलम ३२० होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ३५९. पण बलात्कार, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार), ॲट्रॉसिटी यात समितीनं बोटसुद्धा घालायचं नाही. पोक्सोमध्ये तर कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर तोच गुन्हा होतो, म्हणजे मिटवायला बसलेले अकराच्या अकरा आत जाऊ शकतात. दरवर्षी कुठल्यातरी गावचे पुढारी हे ऐकून माझ्यासमोर पांढरेफटक पडतात.

दुसरं, पोरं १८ च्या आतली. कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक. शेतकरी ठाण्यात गेला तरी असल्या प्रकारात थेट एफआयआर होत नाही, मोठी माणसं सोबत असतील किंवा गुन्हा फार गंभीर असेल तरच होतो. ठाणे डायरीत नोंद करून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तेव्हा कडक_चहा ज्या पोलिसी हिसक्याचं बोलतायत तो द्यायची परवानगी पोलिसांनाच नाही. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात मोठ्या माणसानं पहिल्यांदा ५ हजारांच्या आतली चोरी केली आणि माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. म्हणजे सरकारपण तुमच्याच वाटेनं चाललंय, हळूहळू.

पण शेतकऱ्याला "तक्रार करू नको" असं कुणी म्हणायचं नाही. तो त्याचा हक्क. सरपंचांना गावाच्या नावाची काळजी आहे ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी.

तिसरं, ते वस्तीवरच्या पोराचं तुम्ही लिहिलंय ते वाचून सावध व्हा. उद्या कुणी म्हणालं यांच्याशी व्यवहार बंद करा, दळण देऊ नका, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. जातपंचायती वाळीत टाकायच्या म्हणून तो आला. ग्रामसभेत एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

चौथं, मेडिएशन ॲक्ट २०२३ मध्ये सामुदायिक मध्यस्थी असा वेगळा भाग आहे, तीन मध्यस्थांचं पॅनल, दोघांची आधी संमती, लेखी करार. पण त्या कराराला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद नाही. ताकद हवी असेल तर तडजोडनामा लोकअदालतीत दाखलपूर्व (केस दाखल व्हायच्या आधीचं प्रकरण) म्हणून न्या, तिथला निवाडा पक्का, त्यावर अपील नाही. जमिनीच्या भानगडीत हे कराच. केबलच्या साडेचार हजाराला गरज नाही असं माझं मत.

कडक_चहा

वकीलसाहेब भंगारवाल्याचं काय? खरा चोर तो. केबल जाळून काढलेलं तांबं घेऊन पंधरा वर्षाचं पोरगं येतं आणि हा विचारत पण नाही कुठनं आणलं.

काळा_कोट_पांढरी_बॅंड

याला मात्र शंभर टक्के मान्य. चोरीचा माल माहीत असून घेणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो समितीत बिलकुल मिटवायचा नाही.

भिवंडीकर

थोडं अवांतर, माफ करा. आमच्याकडे १९८४ ची दंगल ज्यांनी बघितली ते आजही त्यावर बोलताना आवाज खाली करतात. १९८८ ला खोपडे साहेब डीसीपी म्हणून आले आणि मोहल्ला कमिट्या काढल्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं, पुढारी नव्हे, रिक्षावाले, लूमवाले, मास्तर. महिन्यातून बसायचं, नळाच्या रांगेतल्या भांडणापासून सगळं बोलायचं. ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. माझे वडील होते एका कमिटीत. ते म्हणायचे, भांडण पेटल्यावर कमिटी काढून उपयोग नाही, आधीपासून एकमेकांच्या घरचा चहा प्यालेला पाहिजे. ते बांधकरी दादांचं चहाचं वाचून आठवलं.

रिटायर_मास्तर

मंडळी, साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा. हो म्हटलं मी अध्यक्षपदाला. एका अटीवर, की सदस्यांपैकी ज्याचं नातं प्रकरणात असेल तो त्या दिवशी घरी बसेल. दोघंजण फुगले, फुगू दे.

वऱ्हाडी ताई, तुमचा प्रश्न डोक्यात घेऊन शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि त्याला बाजूला ठेवून त्याच्या बायकोशी बोललो. ती कांदा निवडत होती, वर बघितलं नाही, म्हणाली, "पैशाचं मालकाशी बोला. मला एवढंच सांगा, ती पोरं आली तेव्हा हातात काय होतं?" मला कळेना. मग म्हणाली, लाईट रात्रीची असते, पाणी धरायला मीच जाते, मालकाला दिसत कमी. त्या दिवशी मी तासभर आधी घरी आले म्हणून, नाहीतर गाठ पडली असती. तेव्हापासून ती रात्री विहिरीवर जात नाही, दिराच्या पोराला पाठवते. हे तिनं नवऱ्यालापण सांगितलेलं नव्हतं. मी ३४ वर्षं मास्तरकी केली पण हा मुद्दा माझ्या स्वप्नात आला नसता.

पोरांच्या घरी तीन-तीन वेळा गेलो. वस्तीवरच्या पोराची आई म्हणाली गुरुजी आमच्याच पोराचं नाव घेतात ना सगळे, मग आम्ही येऊन काय करू. तिला म्हटलं तिघं आले तर बैठक, नाहीतर नाही. पण तिथंच फसलो. गावठाणातल्या एकाचा बाप, सरपंचांच्या भावकीतला, आलाच नाही, पोरालाही पाठवलं नाही, म्हणे माझ्या पोराचं नाव कुणी घेतलं तर बघून घेईन. मी अडून बसलो असतो तर सगळंच बारगळलं असतं, म्हणून पुन्हा त्या माउलीच्या दारात गेलो, सांगितलं की माझा शब्द खोटा ठरला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही सांगायला तरी आलात."

बैठक चावडीवर नाही, शाळेच्या वऱ्हांड्यात घेतली, रविवारी. नऊ माणसं, नऊ खुर्च्या, ताई मोजून ठेवल्या होत्या. मी मावशींचे प्रश्न कागदावर लिहून नेलेले. पहिल्यांदा बाईच बोलली, हातात काय होतं तोच प्रश्न. पोरगं म्हणालं, "करवतीचं पान होतं काकू, बाकी काय नव्हतं." आणि मग जे म्हणाला त्यानं सगळे गार, "आम्हाला वाटलं केबल सरकारी असती." म्हणजे त्यांच्या लेखी ती कुणाचीच नव्हती. उळं वाळलं हे त्यांना माहीतच नव्हतं. शेतकऱ्यानं खिशातून त्या पिवळ्या काड्यांची जुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली, आणली होती त्यानं रुमालात बांधून. दुसऱ्या पोराचा बाप तोंड फिरवून बसला.

ठरलं ते असं की दोन्ही घरं केबलच्या खर्चातला आपापला तिसरा हिस्सा, दीड-दीड हजार, दोन हप्त्यांत देणार, आणि शेतकऱ्यानं विकत आणलेल्या रोपाच्या लागणीला दोन्ही पोरं आपल्या बापांसोबत दोन रविवार जाणार. बाईनं एक अट घातली, रस्त्यात दिसली की तोंड चुकवायचं नाही, काकू म्हणून हाक मारायची. तिसऱ्या हिश्शासाठी शेतकरी ठाण्यात जाऊन आला, भंगारवाल्याचं नावपण देऊन आला. सरपंच माझ्याशी सध्या बोलत नाहीत.

पहिल्या रविवारी मी बांधावर गेलो होतो बघायला. वस्तीवरच्या पोराचा हात चांगला आहे, सरीला सरळ लावत होता, दुसरं पोरगं दाटच लावतंय म्हणून बाई दोनदा ओरडली.

आता वकीलसाहेब एक विचारायचंय. तडजोडनाम्याच्या कागदावर पोरांच्या सह्या आहेत आणि ग्रामसेवक म्हणतात समितीच्या रजिस्टरला नावानिशी चढवा, फोटो पण ग्रुपवर टाका. टाकू का?

काळा_कोट_पांढरी_बॅंड

फोटो अजिबात नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, मुलाची ओळख उघड केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतं. रजिस्टरला फक्त अनुक्रमांक, तारीख, "चोरी, तडजोड झाली" एवढं. मूळ कागद पाकिटात घालून, चिकटवून, तुमच्याकडे. ग्रामसेवकांना हे माझ्या नावानं सांगा.

वऱ्हाडी_ताई

आणि एक प्रत त्या बाईकडे द्या गुरुजी. मालकाकडे नाही, तिच्याकडे.

रिटायर_मास्तर

दिली. तिनं ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. पाकीट उद्या तालुक्याहून आणतो, गावात खाकी मिळत नाही, लग्नाचीच मिळतात.